तीन मालक आणि एक पांढरा

सकाळी भिंतीवर थोरल्या मालकांना कावीळ झाली. शेजारी उभे असलेले मधले आणि धाकटे मालक ठणठणीत होते, त्यामुळे थोरल्यांची तब्येत आणखीच डोळ्यांत भरत होती. खरे थोरले त्या वेळी आपल्या घरी आरामात दाढी करत होते आणि त्यांना काहीही झालेलं नव्हतं. जे काही झालं होतं ते प्रोजेक्टरला झालं होतं.

हॉलच्या मागच्या टोकाला लोखंडी मचाण होतं. त्यावर तीन प्रोजेक्टर ओळीने मांडले होते आणि त्यांच्यामागे प्रोजेक्टरवाला मांडी घालून बसला होता. समोरची लांबलचक भिंत एका प्रोजेक्टरच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून चित्राचे तीन तुकडे करायचे, प्रत्येक प्रोजेक्टरने आपापला तुकडा भिंतीवर टाकायचा आणि पाहणाऱ्याला मात्र ते एकच चित्र वाटलं पाहिजे, असा सगळा मामला होता. मधला आणि उजवीकडचा प्रोजेक्टर एकाच दिवशी घेतलेले, जुळ्या भावंडांसारखे. डावीकडचा त्यांच्याहून बराच जुना, आणि वयोमानाप्रमाणे त्याचा उजेड पिवळट पडला होता. थोरले नेमके त्याच्या वाट्याला आले होते.

चित्र डोंगरझाडांचं असतं तर खपून गेलं असतं. डावीकडे ऊन पडलंय असं ठोकून देता आलं असतं. पण हा कारखाना कपाटांचा होता, आणि तोही एकाच रंगाच्या कपाटांचा. 'कधीही घ्या, पांढरा तोच' हे कारखान्याचं वाक्य दारावर, गाड्यांवर आणि पाण्याच्या पेल्यांवरसुद्धा छापलेलं होतं. आज संध्याकाळी कारखान्याच्या नव्या दालनाचं उद्घाटन होतं, आणि भिंतीवरच्या चित्रात तिघे भाऊ आपल्या कपाटांच्या लांबच लांब रांगेपुढे हाताची घडी घालून उभे होते. मधल्यांच्या आणि धाकट्यांच्या मागची कपाटं पांढरीशुभ्र होती. थोरल्यांच्या मागची लोण्यासारखी दिसत होती. ज्या घराण्याने पांढऱ्यावर नाव कमावलं त्याला चारचौघांत लोणी दाखवणं म्हणजे तोंडाला काळं फासण्यासारखंच होतं.

प्रोजेक्टरवाल्याला धास्ती वाटायला आणखी एक कारण होतं. आजचा कार्यक्रम नीट झाला तर ही भिंत कायमची त्याच्याकडे येणार होती. दर आठवड्याला इथे दुकानदारांची नवी तुकडी येणार, त्यांना हे चित्र दाखवायचं, आणि ते दाखवायला मालकांना कायमचं माणूस हवं होतं. आजवर त्याचा आणि त्याच्या बायकोचा सगळा संसार टेम्पोत होता. ती संगणकावर चित्रं तयार करायची, तो ती भिंतीवर टाकायचा, आणि मग दोघं मिळून जड खोकी एका हॉलमधून उचलून दुसऱ्या हॉलमध्ये नेऊन टाकायची. दोघांच्याही कमरा एकाच बाजूने धरल्या होत्या. एका जागी बसून काम करायला मिळावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. आज बिनसलं तर उद्या पुन्हा टेम्पो.

आणि नेमक्या या दिवशी नवरा-बायकोचा अबोला होता.

अबोल्याचं कारण पडदा. गेल्या आठवड्यात त्याने बैठकीच्या खोलीसाठी पडदा आणला. निळ्या सोफ्याला शोभेल असा निळा पडदा आणायचं ठरलं होतं. बायकोने तो उलगडला आणि म्हणाली, "हा हिरवा आहे."

"निळा आहे," तो म्हणाला.

"अहो, धडधडीत हिरवा आहे."

"रंग जुळवणं हा माझा धंदा आहे."

"मग आधी धंदा तरी शिकून घ्या," ती म्हणाली, आणि त्या वाक्यानंतर घरात दोघांच्या वाट्याची सगळी वाक्यं संपली.

एरवी कामावर असताना दोघं माईकवाल्या हेडफोनवर बोलायची. त्याचा मचाणावर, तिचा भिंतीच्या पायथ्याशी एका कोपऱ्यातल्या टेबलावर, आणि दोन्हींच्या तारा, हॉलच्या भोंग्यांच्या तारांसोबत, तिच्या टेबलाशेजारच्या आवाजाच्या पेटीत गेलेल्या. तिथून तिला भिंत इतकी तिरपी दिसे की रंगाचा काही अंदाज येत नसे, म्हणून मचाणावरून त्याने सांगायचं आणि तिने करायचं, ही त्यांची पद्धत. आज दोन्ही हेडफोन दोघांच्या गळ्यात नुसते लोंबत होते.

हे असं होणार हे ओळखून प्रोजेक्टरवाल्याची आई डबा घेऊन सोबत आली होती. मोठ्या कुटुंबात तिचं आयुष्य गेलं होतं आणि त्यातून ती एकच गोष्ट शिकली होती. निरोप जसाच्या तसा पोहोचवला तर घर टिकत नाही. त्यामुळे तिच्या हाती दिलेला निरोप वाटेत गोड होऊनच पोहोचायचा.

"आई," प्रोजेक्टरवाला वरून म्हणाला, "तिला सांग, चित्राला हात लावू नकोस म्हणावं. पिवळं मशीनमुळे दिसतंय. मी मशीनमध्ये निळा वाढवतोय."

आई हॉलची सगळी लांबी चालून सुनेपाशी गेली. चालता चालता तिने निरोपातलं निळं-पिवळं गाळून टाकलं, कारण त्यात मायेचा शब्द एकही नव्हता. "चित्र फार छान झालंय म्हणतोय," ती म्हणाली.

सून जरा विरघळली, पण लगेच सावध झाली. ती उठून भिंतीसमोर गेली, थोरल्यांकडे पाहिलं आणि परत येऊन बसली. "छान कुठलं, आई? थोरले पिवळेधमक दिसतायत. यांना दिसत कसं नाही म्हणते मी. त्यांना सांगा, मी चित्रातच निळा घालतेय, तुम्ही मशीनला हात लावू नका."

आई पुन्हा हॉल ओलांडून मचाणाखाली आली. "ती म्हणते, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे."

"असं म्हणाली?"

"अगदी असंच."

प्रोजेक्टरवाल्याला भरून आलं. त्या भरात त्याने मशीनमध्ये निळा चांगला सढळ हाताने दिला. त्याच वेळी बायकोनेही चित्रात निळा घातला. भिंतीवर थोरल्यांची कावीळ झटक्यात बरी झाली आणि ते तळ्यातून आत्ताच बाहेर काढल्यासारखे दिसू लागले.

प्रोजेक्टरवाला घाबरला. इतका निळा आपण दिलेला नाही याची त्याला खात्री होती, पण पुरावा भिंतीवर उभा होता, तोही हाताची घडी घालून. त्याने दिलेला सगळा निळा काढून घेतला. बायकोही समोर येऊन पाहून गेली, तिच्याही तोंडचं पाणी पळालं, आणि तिनेही आपला निळा मुकाट्याने काढला. थोरले पुन्हा पिवळे झाले.

मग दोघांनी पुन्हा घातला. थोरले पुन्हा निळे झाले. मग दोघांनी पुन्हा काढला. दोघांनी अर्धा अर्धा घातला असता तर काम तेव्हाच संपलं असतं, पण अर्ध्यावर येणारी माणसं मुळात अबोला धरत नाहीत. मशीन बिघडलं आहे असं त्याला वाटू लागलं आणि आपले डोळे गेले आहेत असं तिला. हे एकमेकांना विचारावं असं दोघांच्याही मनात आलं असणार, पण विचारायचं म्हणजे बोलायला लागलं असतं.

"मशीन थंड होऊ दे," तो शेवटी आईला म्हणाला, आणि डबा घेऊन मागच्या दाराने बाहेर गेला. बायको आपला डबा घेऊन पुढच्या दाराने गेली. हॉलमध्ये आई आणि भिंत अशा दोघीच उरल्या.

आईने भिंतीकडे पाहिलं. सकाळपासून डावीकडची बाजू पिवळी, डावीकडची बाजू पिवळी, हेच तिच्या कानावर पडत होतं. दोघं शिकलेली पोरं त्या बाजूला कधी यंत्रातून तर कधी संगणकातून काय काय करत होती, पण जवळ जाऊन भिंतीवरून हात फिरवून पाहावा हे एकालाही सुचलं नव्हतं. तिने फिरवून पाहिला. बोटाला थोडी धूळ लागली. पांढरी गोष्ट पिवळी पडली की काय करायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. नवऱ्याचे शर्ट, मुलाचे गणवेश, घरच्या चादरी, सगळं तिने आयुष्यभर एकाच उपायाने पांढरं ठेवलं होतं.

हॉलच्या मागे कामगारांचे डगले धुवायची मोरी होती. तिथल्या फळीवर साबण होता आणि त्याच्या शेजारी निळीची बाटली. आईने बादलीभर पाण्यात अंदाजाने नीळ टाकली, स्वच्छ फडकं बुडवून पिळलं, कुणाचं तरी स्टूल ओढून घेतलं आणि कडा जुळवायला मुलाने केलेल्या पेन्सिलीच्या खुणांच्या आतला भिंतीचा डावीकडचा हिस्सा वरून खाली, उभ्या हाताने, एकही ओघळ न येऊ देता पुसून काढला. वरच्या टोकाला हात पुरेना तेव्हा फडकं झाडूच्या दांड्याला बांधलं. मग पंखे सुरू करून भिंत वाळत घातली. फडक्याचं एक टोक कोरडं राहिलं होतं, ते वाया कशाला घालवायचं म्हणून तिने सुनेच्या टेबलाशेजारची आवाजाची पेटीही पुसली. पेटीवर बटणं बरीच होती. तिने प्रत्येक बटण मागेपुढे करून खाचांतली धूळ काढली.

दुपार कलल्यावर तिघे मालक पाहणीला आले. तोवर दोघंही परतली होती, प्रोजेक्टर पुन्हा सुरू झाले होते, आणि प्रोजेक्टरवाला मचाणावर डोळे फाडून बसला होता. थोरले पिवळे नव्हते. निळेही नव्हते. कपाटांची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत दुधासारखी सलग पांढरी होती.

थोरल्यांनी खिशातून पांढऱ्या पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा काढला. कारखान्याच्या पांढऱ्याचा हा मूळ नमुना, आणि तो त्यांच्या खिशात नाही असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. तो भिंतीला टेकवून ते डावीकडून उजवीकडे सावकाश चालत गेले. प्रत्येक कपाटापाशी थांबत. धाकटे आणि मधले त्यांच्या मागून चालत होते, आणि मचाणावर प्रोजेक्टरवाल्याने श्वास रोखून धरला होता.

"पांढरा तोच," थोरले शेवटच्या कपाटापाशी म्हणाले.

प्रोजेक्टरवाल्याने श्वास सोडला. बायकोने शेवटी चित्रात जुळवलं तर, असं त्याला वाटलं. नवऱ्याने शेवटी मशीनमध्ये जुळवलं तर, असं बायकोला वाटलं. आई डब्याची झाकणं लावत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि केलेल्या कामाचा डंका पिटणं तिच्या स्वभावात नव्हतं.

इथे सगळं सुखाने संपलं असतं, पण धाकटे मालक मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. "दादा, मी टेबलाच्या मागे गेलोय," ते म्हणाले.

उजव्या कोपऱ्यात भाषणाचं टेबल होतं. त्यावर फुलांची भलीमोठी कुंडी होती. खुर्चीवरून पाहिलं की भिंतीवरच्या धाकट्यांच्या खांद्यातून फुलं उगवलेली दिसत.

"टेबल हलणार नाही," थोरले म्हणाले. "बाबा नेहमी उजवीकडून बोलायचे."

"मग कुंडी काढा."

"कुंडी माझ्या बायकोने दिलीय," मधले म्हणाले.

तिघे भाऊ एकमेकांकडे पाहत राहिले. या कारखान्यात भावाभावांचा तंटा नेहमी तिसऱ्याच माणसाच्या अंगावर मिटे. थोरल्यांनी वर मचाणाकडे पाहिलं. "अहो प्रोजेक्टरवाले, चित्र हातभर डावीकडे घ्या."

एवढंसं काम. प्रोजेक्टरवाल्याने तिन्ही प्रोजेक्टर सारखे वळवले, कडा पुन्हा जुळवल्या आणि चित्र हातभर डावीकडे नेलं. तोवर पाहुणे यायला लागले होते, हॉलचे सगळे दिवे लखलखत होते, आणि त्या उजेडात भिंतीवर नुसत्या फिकट आकृत्या दिसत होत्या. रंग काही बदललेला नाही, मग बघायचं काय, असा विचार करून त्याने घाम पुसला.

हॉल भरला. दुकानदार, त्यांची कुटुंबं, कारखान्याचे कामगार, सगळे आले. आई पहिल्या रांगेत जाऊन बसली. थोरले टेबलापाशी उभे राहिले, खाकरले, आणि दिवे मालवायची खूण केली.

दिवे गेले. चित्र आलं. आणि प्रोजेक्टरवाल्याच्या पायाखालचं मचाण सरकलं.

अगदी डावीकडे, थोरल्यांच्या खांद्यावरून वरपासून खालपर्यंत एक पिवळी पट्टी गेली होती. ती जिथे संपत होती तिथून पुढे थोरले व्यवस्थित होते. मग मधले जिथे सुरू होत होते तिथे दुसरी पट्टी होती, आणि ती निळी होती. मधल्यांचा एक कान त्यात सापडला होता. ज्या कपाटावरून ही पट्टी जात होती त्याच्या एकाच दारात दोन पांढरे दिसत होते.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. थोरल्यांनी वळून भिंतीकडे पाहिलं. त्यांचा हात खिशाकडे गेला.

प्रोजेक्टरवाल्याने मशीनमध्ये निळा दिला. पिवळी पट्टी बरी झाली आणि उरलेले थोरले निळे पडले. त्याने घाईघाईने तो काढला. सबंध माणूस पिवळा किंवा निळा करणं मशीनला जमत होतं, पण एवढीशी पट्टी आली कुठून आणि ती नेमकी हातभरच का, हे त्याच्या डोक्यात शिरेना. पट्टीपुरता रंग बदलायचा तर तो फक्त चित्रात बदलता आला असता. चित्र बायकोकडे होतं. निरोप नेणारी आई पहिल्या रांगेत होती आणि मधे सगळा गाव बसला होता. भिंत जाणार, टेम्पो येणार, हे त्याला लख्ख दिसलं. त्याने गळ्यातला हेडफोन कानांवर चढवला.

"ऐकतेस का?" तो म्हणाला.

हॉलमधली सगळी डोकी वर झाली, कारण हा प्रश्न हॉलच्या चारही कोपऱ्यांतल्या भोंग्यांतून आला होता. आईने पुसलेल्या बटणांपैकी एक जिथे असायला हवं होतं तिथे राहिलं नव्हतं. कान झाकलेल्या प्रोजेक्टरवाल्याला याचा पत्ता नव्हता.

बायकोनेही हेडफोन चढवला होता. "ऐकतेय," ती भोंग्यांतून म्हणाली.

"चित्राला तू काही केलंस का?"

"सकाळी निळा घातला होता. मग काढला. मग घातला. मग काढला."

"मला न सांगता?"

"आईंकडून सांगितलं होतं की."

"आई तर म्हणाली, तू निर्धास्त आहेस."

"मला म्हणाल्या, तुम्हाला चित्र फार छान वाटलं."

"मी म्हणालो होतो, चित्राला हात लावू नकोस."

पहिल्या रांगेत एक म्हातारी बाई आपल्या पिशवीत काहीतरी फार महत्त्वाचं शोधू लागली. शेजारच्या बायका आता भिंतीकडे पाहतच नव्हत्या.

"मग दुपारी जुळलं कसं?" भोंग्यांनी विचारलं.

"मला वाटलं तुम्ही जुळवलंत."

"मला वाटलं तू."

आईला आता राहवेना. ती उठून उभी राहिली. तिला माईकची गरज नव्हती. "भिंत पुसली मी," ती म्हणाली. "नीळ घालून. पिवळी होती ना."

हॉल असा हसला की खुर्च्या वाजल्या. बायकोने दचकून एका कानावरचा हेडफोन बाजूला केला, सासूबाईंकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि सगळा हिशेब तिच्या ध्यानात आला. निळीचा हिस्सा भिंतीवर जिथल्या तिथेच होता आणि चित्र मात्र हातभर सरकलं होतं. पिवळा प्रोजेक्टर एका टोकाला निळीच्या बाहेर गेला होता आणि चांगला प्रोजेक्टर दुसऱ्या टोकाला निळीवर आला होता. त्याच क्षणी भोंग्यांतून येणारा आपलाच श्वासही तिला ऐकू आला.

"आईंनी भिंतीला नीळ लावलीय," ती हळूच म्हणाली. "आणि अहो, जरा जपून बोला."

"जपून काय बोलू? तो थोरला आत्ता खिशातून पत्रा काढून भिंतीला लावील."

आता हॉलने धरबंद सोडला. मधले मालक रुमालात तोंड घालून बसले. थोरले टेबलापाशी पत्र्याचा तुकडा हातात घेऊन उभे होते. तो पुन्हा खिशात ठेवावा की नको, हे त्यांना कळेना.

बायकोच्या लक्षात आलं की आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, पण दुरुस्त करण्यासारखं अजून होतं. तिने लॅपटॉप उचलला, तार ओढली आणि भिंतीसमोर मधोमध येऊन उभी राहिली. "डावीकडच्या पट्टीत निळा घालतेय. सांगा."

"घाल. अजून. अजून थोडा."

"पुरे?"

"इथून नीट कळत नाहीये मला. तूच बघ. तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. तो पडदा हिरवाच आहे, मला दुकानातच कळलं होतं."

कुठला पडदा हे हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं, पण बायकांच्या बाजूने टाळ्या पडल्या. तिचे हात लॅपटॉपवर थांबले. अंधारात तिचा चेहरा कुणाला दिसला नाही ते बरं झालं.

"ते आत्ता राहू द्या," ती म्हणाली. "आता मधल्यांच्या कानाचं बघते."

पिवळी पट्टी विरत विरत नाहीशी झाली. निळ्या पट्टीत तिने पिवळा घातला. "अजून जरा," कुणी दुकानदार खुर्चीतून म्हणाला. "आता जास्त झाला," त्याची बायको म्हणाली. मग सगळा हॉलच सांगू लागला, आणि मधल्यांचा कान चारशे माणसांच्या देखरेखीखाली हळूहळू माणसात आला. कपाटाच्या दारातले दोन पांढरे जवळ येत गेले आणि एकमेकांत मिसळले.

हॉल गप्प झाला. थोरले टेबल सोडून निघाले. पत्र्याचा तुकडा भिंतीला टेकवून ते डाव्या टोकापासून चालू लागले, अगदी दुपारच्यासारखेच, फक्त या वेळी त्यांच्या पाठीला चारशे नजरा होत्या. पहिल्या पट्टीच्या जागी थांबले. दुसऱ्या पट्टीच्या जागी जास्तच वेळ थांबले. प्रोजेक्टरवाल्याने हेडफोन काढला होता, आणि मचाणाचा एक बोल्ट मात्र इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

थोरल्यांनी तुकडा खिशात ठेवला. "पांढरा तोच," ते म्हणाले.

टाळ्या थांबेनात. थोरल्यांनी टेबलापाशी जाऊन तयार केलेलं भाषण बाजूला सारलं आणि एक पांढरा सांभाळायला किती माणसांचा जीव टांगणीला लागतो हे पाहुण्यांनी आत्ताच डोळ्यांनी पाहिलं, असं सांगितलं. त्यांना एवढं चांगलं बोलता येतं हे त्यांच्या भावांनाही ठाऊक नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर तिघे भाऊ मचाणापाशी आले. प्रोजेक्टरवाला खाली उतरून मान खाली घालून उभा होता. त्याच्या एका बाजूला बायको होती, दुसऱ्या बाजूला आई. माफी कुठून सुरू करायची याची तो मनातल्या मनात जुळवाजुळव करत होता.

"हे सगळं तुम्ही आधीच बसवलं होतं ना?" धाकट्यांनी विचारलं.

प्रोजेक्टरवाल्याने खरं सांगायला तोंड उघडलं.

"हो तर," आई म्हणाली. "आठवडाभर तालीम चालली होती घरी. दोघं एकमेकांशी बोलतसुद्धा नव्हती."

"तरीच," मधले म्हणाले. "कानाचं तर झकास होतं."

थोरले प्रोजेक्टरवाल्याकडे रोखून पाहत होते. "ते पत्र्याचं वाक्य," ते म्हणाले, "त्यात 'तो थोरला' म्हणालात. तेवढं 'थोरले साहेब' करा. बाकी शब्द न् शब्द असाच ठेवायचा. भिंत तुमची. पुढच्या आठवड्यात दुकानदारांची पहिली तुकडी येतेय." मग आईकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही पहिल्या रांगेतच बसायचं. त्याच खुर्चीत."

घरी परतताना प्रोजेक्टरवाला टेम्पो चालवत होता आणि आई दोघांच्या मधे बसली होती. खोकी या वेळी मागे नव्हती, ती मचाणावरच राहिली होती, आणि रिकामा टेम्पो खड्ड्यांतून उड्या मारत चालला होता. दोघांचे चेहरे उजळले होते. इतक्या दिवसांचं बोलणं साचलेलं होतं, सुरुवात कुणी करायची एवढाच प्रश्न होता.

"पडदा उद्या बदलून आणतो," शेवटी तो म्हणाला. "हिरवा आहे तो."

"राहू द्या," ती प्रेमाने म्हणाली. "काल दिव्याखाली नीट पाहिला मी. निळाच आहे."

"अगं, मी सांगतोय ना, हिरवा आहे."

"आणि मी पाहिलाय ना. निळा आहे."

"चारशे माणसांसमोर कबूल केलं मी, आता निळा कसा होईल?"

"म्हणजे खरं नव्हतं ते? नुसतं लोकांसमोर बोललात?"

तो समोरच्या रस्त्याकडे पाहू लागला. ती खिडकीबाहेर पाहू लागली. टेम्पोत शांतता पसरली, आणि ती घर येईपर्यंत टिकणार हे स्पष्ट दिसत होतं.

आईने मांडीवरच्या पिशवीत हात घालून पाहिलं. निळीची बाटली जागेवर होती. मोरीवरून आणताना तिने कुणाला विचारलं नव्हतं, पण आता ती कामाचीच वस्तू झाली होती. पुढचा कार्यक्रम आठवड्यावर आला होता आणि तालीम वेळेवर सुरू झाली होती. तिने समाधानाने पिशवी बंद केली आणि मुलाकडे वळली.

"तिला काही सांगायचंय का?" तिने विचारलं.